खुबेलूच्या डोहातला मासा

एकाच क्षणी दोन्ही काठ्या वाकल्या.

या काठावर फेल्लो होता आणि समोरच्या काठावर त्याचा थोरला भाऊ मोकेते. मध्ये खुबेलू नदीचा डोह, जेमतेम तीस पावलं रुंद. डोहाच्या मधोमध ट्राउट माशाची पाठ चमकली, तसे दोघांनीही पिसांची खोटी माशी बांधलेले आपापले गळ नेमके त्याच जागी टाकले. झटकाही दोघांनी एकदमच दिला. आता दोन्ही दोर तिरके खोल पाण्यात उतरले होते आणि ताठ झाले होते.

म्हणजे एकाच माशाच्या तोंडात दोन गळ.

फेल्लोने हातभर दोर ओढला. माशाने तो हातभर परत नेला. एवढा दांडगा मासा त्याने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. पलीकडे मोकेतेची काठीही कमानीसारखी वाकली होती. एकाने दोर कापला की मासा दुसऱ्याचा. चाकू दोघांच्याही खिशात होता. खिशात हात कोणीच घातला नाही.

नऊ वर्षं ते एकमेकांशी बोलले नव्हते. आई गेली तेव्हापासून. राहायचे एकाच खोऱ्यात, मासे धरायचे एकाच नदीवर, दोर फेकायची लकबसुद्धा एकच, बापाची. पण वाटेत समोरासमोर आले की एक जण घोडा वळवायचा.

दिवस माथ्यावर आला. हात भरून आले. शेवटी फेल्लो पाण्याकडे बघत मोठ्याने म्हणाला, "माशा, माझा गळ आधी लागलाय. दुसऱ्याचा थुंकून टाक बघू."

पलीकडे मोकेते खाकरला. तोही पाण्याकडेच बघत होता. "माशा, तुझ्या शेपटीकडे उभा आहे ना, त्याला म्हणावं, तोंड माझ्याकडे आहे."

"असं? मग माझा गळ काय शेपटीत अडकलाय?"

"अडकला असेल. त्याचा नेम लहानपणापासून माहितीये मला. माशा, तूच सांग, बापाच्या टोपीत गळ कोणी रुतवला होता?"

"वारा होता त्या दिवशी!" फेल्लो ओरडला आणि घाईने पुढे म्हणाला, "माशा."

फेल्लोची बायको मालिसेबो जेवण घेऊन आली, तेव्हा हे असं चाललं होतं. डोक्यावरचं टोपलं तसंच धरून ती थोडा वेळ ऐकत राहिली.

"कोणाशी बोलताय?"

"माशाशी."

"आणि ते?"

"तेही माशाशीच."

तिने पाण्यात पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, दिराकडे पाहिलं. मग टोपलं उतरवलं. नवऱ्याचे हात गुंतलेले, म्हणून मक्याच्या घट्ट पिठल्याचे गोळे पालेभाजीत बुडवून तिने त्याला भरवले. उरलेलं झाकून ती वरच्या अंगाला धोंड्यांवरून नदी ओलांडून गेली. मोकेतेने तोंड फिरवलं.

"त्याच्या घरचं मला नको."

"त्यांच्या घरचं कुठे, न्ताते?" दिराला मानाने हाक मारत ती म्हणाली. "माशाने पाठवलंय."

मोकेतेने जरा विचार केला आणि तोंड उघडलं. सगळं संपवलं. मालिसेबो तिथेच खडकावर बसून राहिली.

पोटात अन्न गेल्यावर मोकेतेचा आवाज बदलला. मघासारखा तो ओरडला नाही. डोहावर वारा नव्हता, म्हणून पलीकडे ऐकू गेलं.

"माशा, त्याला विचार. आईला माती देताना मला का बोलावलं नाही? मी खाणीत कामाला होतो, तिथे मला निरोप पंधरा दिवसांनी मिळाला. मी आलो तेव्हा थडग्यावरची माती वाळली होती."

फेल्लोची काठी खाली झुकली. मोकेतेच्या दोरात ढील आली.

"माशा," फेल्लो म्हणाला, "आबुतीला सांग." थोरल्या भावाची ही हाक नऊ वर्षांत त्याच्या तोंडून निघाली नव्हती. "खिंडीत कमरेइतकं बर्फ होतं. आईच म्हणाली, मला आधी माती द्या, मग थोरल्याला कळवा. आधी कळलं तर तो घोडा काढेल, त्या बर्फातून येईल, आणि मग तुला एकाऐवजी दोन खड्डे खणावे लागतील. माझ्याकडून वचन घेतलं तिने."

मालिसेबोने खांद्यावरचं ब्लँकेट तोंडावर ओढलं.

"माशा, हे त्याने नऊ वर्षांत का नाही सांगितलं?"

"माशा, आबुतीने विचारलं कधी?"

मोकेतेने नाक पुसलं. "माशा, तू दमला असशील," तो म्हणाला. "चल, आता तुला बाहेर काढू."

तो बुटांसकट पाण्यात शिरला. इकडून फेल्लोही शिरला. दोर गुंडाळत दोघं पुढे सरकले. पाणी गुडघ्यावर आलं, कमरेवर आलं, छातीला लागलं. डोहाच्या मध्यावर ते हातभर अंतरावर येऊन थांबले. मोकेतेने पाण्यात खांद्यापर्यंत हात घातला. तळाशी एक जुनं झाड आडवं पडलं होतं. त्याच्या खोडाखालून चाचपत त्याने दोर वर आणले.

मासा नव्हताच. दोघांचे गळ एकमेकांत अडकले होते.

दोघंही त्या गळांकडे बघत राहिले. मग फेल्लो गारठलेल्या बोटांनी ते सोडवायला लागला. मोकेतेने त्याचं मनगट धरलं.

"थांब, सोडवू नकोस," तो म्हणाला. "माशाला अजून एक विचारायचंय."