सगुणाबाईंची चिता

दिवाळी सरली आणि डोंगरावरचं गवत वाळलं. घराभोवतीची गवताची पट्टी जाळून टाकायला सगुणाबाई झोरेंनी काडी ओढली, पण आगरक्षक ड्रोननं तिसऱ्यांदा वरून पाणी मारून जाळ विझवला.

"विनापरवाना आग," ड्रोन म्हणाला.

"आरं, ही पट्टी आत्ता जाळली न्हाई, तर उन्हाळ्यात वणवा थेट घरात घुसंल! मागल्या साली गोठा जळला, तवा कुठं होतास?"

"परवानगी फक्त चूल आणि चितेला आहे."

सगुणाबाईंनी विझलेली काडी फेकली. "मग चिता म्हणून लिही."

"मृताचं नाव?"

"सगुणा धोंडू झोरे."

"आत्या!" सून इंदू ओरडली. "रेशन, दवाखाना, मतदान, समदं बंद हुईल तुमचं!"

"हुं दे. घर तर ऱ्हाईल."

नोंद झाली. ड्रोन आदबीनं मागे सरकला. सगुणाबाईंनी काडी ओढली, आणि जाळ पट्टीवरून पुढे पुढे निघाला.

"सगुणा झोरे यांच्या आत्म्यास शांती लाभो," ड्रोन म्हणाला.

"शांतीला सवड न्हाई," म्हणत मयत सगुणाबाईंनी पट्टीबाहेर पळणारा जाळ हिरव्या डहाळीनं झोडपून विझवला.