सत्ताविसावं पान

“बोला, आठवडाभरात काय वाचलंत, काय पाहिलंत?” लेकीचा रविवारचा फोन असाच सुरू व्हायचा. अनंतरावांनी सांगून टाकलं, मालिका रटाळ निघाली, मोबाइलवर बुद्धिबळात तीनदा हरलो.

“मी नवी कादंबरी आणलीय. झकास आहे!” नलिनीताई सुरुवात रंगवून सांगू लागल्या.

“आई, ही तर तू मागच्या महिन्यात...”

“ती वेगळी गं,” अनंतराव घाईने म्हणाले आणि त्यांनी पुस्तक हातात घेतलं.

वाचलेलं पुस्तक पुन्हा घरी येऊ नये, म्हणून नलिनीताई लायब्ररीच्या प्रत्येक पुस्तकात सत्ताविसाव्या पानावर पेन्सिलीने बारीकसं फूल काढत आणि नवं घेताना आधी तेच पान बघत. चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. फूल तिथे होतं. वाचनखूण बाविसाव्या पानावर होती.

नलिनीताई चहा टाकायला उठल्या, तसं अनंतरावांनी खोडरबर शोधलं आणि फूल हलक्या हाताने पुसून टाकलं.

गुरुवारी पुस्तक संपलं. “अहो, पेन्सिल द्या जरा,” नलिनीताई म्हणाल्या आणि सत्ताविसाव्या पानावर त्यांनी मन लावून फूल काढलं.

“चला, आता हे चुकून परत आणायला नको.”