बिनदोरीचा हार

राजवाड्यातली दाई इपू मण्यांच्या कारखान्यात शिरली तीच हसत. हार ओवणाऱ्या हेदेबला तिने दारातूनच सांगितलं, "मावशी, ताप उतरला गं. आज मधाचं बोट चाटलं तिनं. वर माझं नाकही ओढलं."

"हाथोरमाय पावली," हेदेब म्हणाली आणि मान खाली घालून ओवत राहिली.

हार धाकट्या राजकन्येचा होता. निळ्या मण्यांच्या ओळीखाली ओळ, एका खांद्यापासून दुसऱ्या खांद्यापर्यंत. पोर आता तीन वर्षांची. स्वतःचं लेकरू सासूपाशी टाकून इपूनेच तिला पाजली होती.

इपूने हात पुसून हार उचलला. "नदीला पूर आला की सणाला घालीन. एका जागी बसायची नाही कार्टी, पण निळं दिसलं की भुलते." तिने हार उलटा केला. दोन्ही टोकांना निळी कमळं होती. "अगं, दोरी ओवायला भोकंच नाहीत की! म्हातारी झालीस, मावशी. विसरलीस ना?"

हेदेब विसरली नव्हती. जिवंत माणसाच्या हाराला भट्टीत घालण्याआधी, टोकं ओली असतानाच भोकं पाडतात. मेलेल्याच्या छातीवर हार नुसता ठेवायचा, त्याला दोरी कशाला? इथल्या शेंबड्या पोरांनाही हे माहीत असतं. इपूलाही माहीत होतं. तिला कळून घ्यायला वेळ लागला, एवढंच.

"आता पाड भोकं."

"भाजून निघालीत ती. टोचलं तर तडकतील."

"सकाळी दूध प्यायलीय ती. मी पाजलंय. तुला असा हार करायला सांगितलं कुणी?"

"राणीसाहेबांचा माणूस आला होता. वैद्यांनी हात टेकले म्हणाला."

"तेव्हा ताप होता. आज नाहीये. सांग ना त्यांना."

"मी सांगू? आपलं कोण ऐकतंय, बाई? तुझं तरी ऐकलं का कुणी?"

इपूने हळूच विचारलं, "किती राहिलाय?"

"शेवटची ओळ. संध्याकाळी न्यायला येतायत."

इपूने त्या ओळीचा मोकळा दोरा धरला आणि हिसडला. मणी जमिनीवर उधळले. हेदेबने अडवलं नाही. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं.

पाजायची वेळ झाली होती, इपूच्या छातीवरचं कापड भिजलं होतं. मग ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक मणी वेचून ओंजळीत घेऊ लागली.

"ती टोपली उचल, मावशी," ती म्हणाली. "एक खाली गेलाय. तिचा हार अपुरा नको."