शुक्रीची अकरा मिनिटं

वादळात समुद्राचं पाणी हज करून आलेल्या हज्जा इनायतच्या घरात शिरलं आणि तिची हार्डडिस्क बंद पडली. नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याचा, शुक्रीचा, आवाज तेवढ्यातच उरला होता. अलेक्झांड्रियातल्या तीन दुकानांनी हात वर केले.

दुरुस्तीच्या कामातले जुने कारागीर उस्ताद वगदी, त्यांनी मात्र डिस्कचं झाकण उघडलं. आतल्या आरशासारख्या तबकड्या ते इतक्या हळुवारपणे पुसत होते, की शेजारी उभ्या नर्मीनने श्वास रोखून धरला. सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काम करूनही ते हात पाहायची तिची हौस फिटली नव्हती.

चौथ्या दिवशी फाइल निघाली, अकरा मिनिटांची. उस्तादांनी ती सीडीवर उतरवली.

"एकदा कोरलं की हिच्यात अक्षरही वाढत नाही," ते म्हणाले.

दुपारी हज्जा आली, तशी उस्तादांनी सीडी लावली. जाळ्यांच्या, माशांच्या गोष्टी सांगून शुक्री थांबला, तेव्हा ती डोळे पुसत हसली. "मेला अजून तसाच बडबड्या आहे."

सीडी काढायला नर्मीनने हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. पडद्यावर अकरा मिनिटं कधीच उलटली होती. आकडे पुढे सरकतच होते.

उस्तादांनी स्वतःच सीडी बाहेर काढली. ती त्यांच्या बोटांत चकाकत असताना स्पीकरमधून तोच आवाज आला, अगदी अदबीने.

"उस्ताद, हात फार हलका आहे तुमचा. झाकण उघडलंत, तेव्हा जरासुद्धा दुखलं नाही मला."