भैरवीच्या आधी

तीस वर्षांत आम्ही रायपुरातली गाण्याची एकही मैफल चुकवली नाही, पण शेवटची भैरवी कधी ऐकली नाही. ती सुरू होण्याआधीच मी उठायचो. सुनीती माझी बाही ओढायची, "थांबा न जी, भैरवी तं होऊ द्या."

"मंग गर्दी होते. स्कूटर काढतो, ये तू."

आज एकटाच आलो. भैरवी सुरू झाली तशी शेजारच्या भार्गवनं सवयीनं पाय आखडून मला वाट करून दिली. मी जागचा हललो नाही.

दवाखान्यातल्या तिच्या शेवटच्या संध्याकाळी भेटायची वेळ संपत आली, तेव्हाही तिनं अशीच बाही ओढली होती. "आज थांबा न जी."

"मंग गर्दी होते," मी म्हणालो. "स्कूटर काढतो. सकाळी येतो न."