नाव लागण्याची रीत

"काम करणाऱ्यांच्या या यादीत माझं नाव कुठाय?" विभागप्रमुख बोरकुटे सरांनी माझा लॅपटॉप स्वतःकडे ओढला.

माझं डोकंच फिरलं. माझा उन्हाळी प्रकल्प याच सरांनी नाकारला होता. "फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम! कोण वापरतं? त्यापेक्षा लायब्ररीचं सॉफ्टवेअर कर, दुकानात तयार मिळतं." मी हट्टाने तोच प्रकल्प केला. त्या सिस्टिमवर तुटणारी मराठी जोडाक्षरं जुळवली. ती सिस्टिम मिळून बनवणाऱ्या जगभरच्या लोकांनी माझं काम तपासून स्वीकारलं, यादीत माझं नाव लागलं, आणि आता सरांना आठवलं, ते माझे मार्गदर्शक आहेत!

"सर, इथे नाव मागून मिळत नाही. सिस्टिममध्ये जोडाक्षरांची ही एक चूक उरलीय. दुरुस्त करा, नाव आपोआप लागेल."

सरांनी स्क्रीनकडे पाहिलं. मग उठून दार लोटलं.

"तूच कर ना दुरुस्त," ते हळूच म्हणाले, "माझ्या नावाने."