शंटरची खोड

"भाऊजी, राग मानू नका, पण तुमच्या कुत्र्यानं आमची गादी पार नासवली. एकदा नाही, रोज," सुहासिनीवहिनी म्हणाल्या आणि शंटरची साखळी नीलकंठरावांच्या हातात दिली.

नीलकंठराव आत्ताच ग्वाल्हेरच्या गाडीतून उतरून झाशीच्या नगरा वस्तीतल्या आपल्या दाराशी पोचले होते. वहिनींच्या मागे त्यांचे यजमान अनंतराव उभे होते, नजर स्वतःच्या चपलांवर. रेल्वेत ड्रायव्हर होते तेव्हा हाच माणूस इंजिनातून अर्ध्या झाशीला शिव्या घालत जाई.

शंटरची ही खोड सगळ्या गल्लीला ठाऊक होती. नीलकंठरावांनीच तिचा बोभाटा केला होता.

मागच्या थंडीत त्यांच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाला, "घरवाली को बुलाइए, कुछ समझाना है."

"घरवाली नहीं है."

"तो साथ में कौन है?"

नीलकंठरावांचा जन्म गेला गार्डाच्या डब्यात. गाडीचा तो शेवटचा डबा आणि आत एकटा माणूस. डॉक्टरनं मग भिंतीकडे बघत त्यांनाच सांगितलं, की लघवीवर बरेच दिवस ताबा राहणार नाही. बाकीचं जे गेलं, त्याचं तुम्हाला तसंही काय करायचंय, असं तो म्हणाला नाही. पण भिंतीला ते ऐकू गेलं.

घरी आल्यावर गादी रोज उन्हात पडू लागली. गल्ली विचारणारच. ब्रह्मचारी माणूस, घरात लेकरू नाही, नाव कोणाचं सांगणार? म्हणून त्यांनी स्टेशनवरून कुत्रा आणला. दिसायला सगळ्यांत गलिच्छ तोच निवडून.

पण नशीब बघा, झाशी जंक्शनवर त्याच्याइतकं सोवळं कुणी नव्हतं. हमाल शपथेवर सांगत, की शंटर एकदा मालगाडीच्या ब्रेकव्हॅनमध्ये अडकला, तर इटारसीपर्यंत मागचा पाय उचलला नाही. आणि तिथेही पहिला खांब सोडून दिला, कारण त्यावर कुणी शेंदूर लावला होता. नीलकंठरावांच्या घरात त्यानं थेंबभर सांडलं नाही. तरी रोज सकाळी गादी बाहेर टाकताना ते गल्लीला ऐकू जाईल असं ओरडत, "फिर कर दिया, नालायक." शंटर मान खाली घालून ऐकून घेई. त्या मुक्या जिवासमोर नीलकंठरावांना स्वतःची मान वर करवत नसे.

आता कॅन्सरवर विजेचे शेक घ्यायला ग्वाल्हेरला राहायचं, म्हणून लग्नाला जातो सांगून त्यांनी कुत्रा शेजारी ठेवला होता. अनंतरावांनी तो इतक्या हौसेनं घेतला, की तेव्हा नवलच वाटलं होतं.

"शंटर असं कधी..." नीलकंठराव बोलून गेले आणि थांबले. "कोणाची गादी, वहिनी?"

"ह्यांचीच. वर चढून करतो मेला. ह्यांनी डोळ्यांनी पाहिलं. रात्रभर ह्यांनाच चार-चारदा उठावं लागतं, त्याला बाहेर न्यायला."

अनंतरावांचे कान लाल झाले. नीलकंठरावांना ऑपरेशनआधीचं आपलं वर्ष आठवलं. असंच चार-चारदा उठणं. लाजेपायी कुणाला सांगितलं नाही, आणि डॉक्टर म्हणाला, फार उशिरा आलात.

"खोडच आहे त्याची, वहिनी. माफ करा," ते म्हणाले. मग अनंतरावांकडे वळले. "गुरुवारी मी पुन्हा ग्वाल्हेरला जातोय. ह्या खोडीवर तिथे डॉक्टर आहे. तुम्ही चला. मला सोबत कुणी नाही."

"अगोबाई, कुत्र्याला एवढ्या लांब नेणार?" वहिनी म्हणाल्या.

शंटर सवयीनं मान खाली घालून उभा होता.

"कुत्रा राहू दे घरी," अनंतराव चपलांकडे बघत म्हणाले. "त्यानं काही केलेलं नाही."